बर्फात राघू : परदेशातल्या थंड शहरांत पोपट टिकतात कसे?

हुरडा_पार्टी
भाच्याने ड्युसेलडॉर्फहून फोटो पाठवलाय. झाडाला एक पान नाही, फांदीवर बोटभर बर्फ आणि त्यावर हिरवागार राघू. गळ्यात कंठ, लांब शेपूट, आपल्या सोलापूरच्या कंबर तलावाकडे ओरडत जातो तसाच. तो म्हणतो, शहरात असे थवेच्या थवे आहेत. आपल्याकडे पारा १२ वर आला की माणसं चादर दोनपदरी करतात. मग प्रश्न असे : हा आपलाच पोपट का? तिथे मरत कसा नाही? आणि भाच्याला गॅलरीत दाणे ठेवायचेत, तर काय ठेवावं? जाणकारांनी सांगावं.

कंठवाला
प्रजात आपलीच, पण घराणं वेगळं. फोटो मोठा करून चोच बघा. वरची चोच दोन्हीकडे लालच असते, फरक खालच्या चोचीत आहे. दख्खन आणि दक्षिणेतल्या राघूची खालची चोच काळी असते. उत्तर भारत-पाकिस्तानातल्या उपप्रजातीची खालची चोचही लालसर, आणि अंगानेही तो जरा थोराड. तुमच्या फोटोतला दुसऱ्या प्रकारचा आहे. युरोपातल्या पोपटांच्या जनुकीय तपासणीतूनही तेच निघालं : त्यांचं मूळ बहुतेक करून पाकिस्तान आणि उत्तर भारतातलं. पंजाबच्या धुक्यात हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याची पोरंबाळं ती. सोलापूरचा राघू उचलून तिथे सोडला आणि टिकला, असा अर्थ कुणी काढू नये.

कंठ आहे म्हणजे नर, आणि वय तीनच्या आसपास किंवा पुढे. त्याआधी नराला पूर्ण कंठ नसतो. त्यामुळे बिनकंठाचे सगळे माद्या समजू नका, ही चूक नेहमी होते.

डफरिन_चौक
पण मुळात पोपट उष्ण देशातला पक्षी ना ओ? पिंजऱ्यातून सुटलेले चार दिवस दिसतात आणि थंडीत संपतात, असंच ऐकलंय.

कंठवाला
हा समज पिंजऱ्यामुळे झालाय. न्यूझीलंडचा किया हा पोपट बर्फाच्या डोंगरात राहतो. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, तिएरा देल फ्वेगोपर्यंत पोपट आहेत. अमेरिकेत कॅरोलिना पोपट हिमवर्षावाच्या मुलखातच राहायचा. तो माणसाने संपवला, थंडीने नव्हे. शेवटचा १९१८ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आपल्या हिमालयातही करड्या डोक्याचा पोपट आहे, हिवाळ्यात थोडा खाली उतरतो, एवढंच.

पिसं हीच गोधडी. पिसं फुलवली की त्यांच्यामध्ये हवा अडकते, आतलं अंग ४१ अंशांच्या आसपास राहतं. उघडे राहतात फक्त पाय. म्हणून थंडीत पोपट एक पाय पोटाच्या पिसांत ओढून बसतो, थोड्या वेळाने दुसरा. भाच्याच्या फोटोत नीट बघा, एकच पाय दिसतोय आणि बोटं फांदीला पूर्ण वेढलेली नाहीत, पिसांचा झालर पडदा त्यांच्यावर आलाय. कडक गारठ्यात नुकसान होतं ते तिथेच. बोटांची टोकं गोठून झडतात. एखादं बोट आखूड असलेले पक्षी तिकडच्या थव्यांत दिसतात, तरी ते चांगले जगतात.

माळरान_नान्नज
थंडीपेक्षा रात्रीचा हिशेब करा, मग कोडं सुटतं. सोलापुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा ११ तासांच्या आसपास असतो. ड्युसेलडॉर्फ किंवा लंडनला २१-२२ डिसेंबरला जेमतेम ८. म्हणजे आपला राघू १३ तास उपाशी, तिथला १६ तास, तोही गारठ्यात, शेगडी जास्त पेटवून. जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा जीव. उरलेल्या ८ तासांत त्याला दिवसाचं आणि रात्रीचं दोन्ही कमवायचं असतं. संध्याकाळी गळ्यातली अन्नाची पिशवी भरून झोपायला गेला तर सकाळ बघतो. दोन दिवस सलग बर्फ पडून दाणे झाकले गेले तर तोच पक्षी उणे दोनलाही मरेल. पोटभर खाल्लेला उणे दहा काढेल.

म्हणून हे पोपट तिकडे रानात नाहीत, शहरात आहेत. शहर आजूबाजूच्या शेतापेक्षा दोन-तीन अंश गरम, बागेत परदेशी फळझाडं, आणि घरोघरी टांगलेले दाण्याचे पिंजरे. शेवटचं सगळ्यात मोठं.

डफरिन_चौक
म्हणजे थंडीचा काहीच संबंध नाही?

कंठवाला
असंही नाही, माळरान यांचं म्हणणं थोडं आवरून घ्यायला हवं. जर्मनीतला नकाशा बघा. राघू आहेत ते ऱ्हाईन नदीच्या पट्ट्यात : कोलोन, बॉन, ड्युसेलडॉर्फ, वीसबाडेन, माइन्झ, मानहाइम, हायडेलबर्ग. तो त्या देशातला सौम्य हवेचा पट्टा. बर्लिन-म्युनिकमध्ये तशी वस्ती नाही, पिंजऱ्यातले पोपट तिथेही सुटतच असणार. युरोपभरच्या अभ्यासातही निघालंय की जिथे वर्षाला गोठणाऱ्या दिवसांची संख्या जास्त, तिथे सुटलेल्या पोपटांची वस्ती रुजण्याची शक्यता कमी. एक कडाक्याची रात्र सोसते, असे साठ दिवस लागोपाठ सोसत नाहीत.

शिवाय अंड्यांचा प्रश्न आहे. आपल्याकडे हा पक्षी जानेवारी ते एप्रिलमध्ये वीण करतो. तिकडेही फेब्रुवारी-मार्चमध्येच ढोल्या धरायला लागतो, तिथले पक्षी अजून घरटी शोधतही नसतात. ढोली आधी मिळते हा फायदा, आणि अंडी गारठून वाया जातात हा तोटा. इंग्लंड आणि इस्रायलची तुलना झाली तेव्हा इंग्लंडमध्ये अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण कमी निघालं, ते यामुळेच. तरी संख्या वाढतेय, कारण मोठे पक्षी फार वर्षं जगतात आणि त्यांना मारणारे तिथे कमी.

मोहोळ_ज्वारी
इथे मात्र जानेवारीत वीण का, ते शेतकऱ्याला विचारा. मालदांडी ज्वारी तेव्हा हुरड्यात असते. पिल्लांना मऊ दुधाळ दाणा लागतो, तो नेमका तेव्हा. कणसावर बसून राघू निम्मं खातो, निम्मं खाली पाडतो. खाल्लेल्याचं दुःख नाही, सांडलेल्याचं आहे.

राईनकाठी
सोलापूरचाच, सध्या इकडे जर्मनीत. भाच्यासाठी दाण्यांचं नीट लिहितो, कारण यात आपली माणसं ठरावीक चुका करतात.

शेंगदाणे : कच्चे, बिनमिठाचे. खारे चालत नाहीत, भाजलेले-मसाल्याचे तर मुळीच नाहीत. शेंगाचटणी आपल्यासाठी. मीठ पक्ष्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. इथली हवा दमट, दोन-तीन दिवसांत दाण्याला बुरशी धरते, आणि शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष यकृत खातं. म्हणून दोन दिवसांत संपेल एवढंच भरायचं. पिशवी फोडल्यावर कुबट वास आला तर सरळ कचऱ्यात. फेब्रुवारीनंतर अख्खे दाणे मोकळे ठेवू नका, जाळीच्या नळीत ठेवा. लहान पक्षी अख्खा दाणा पिल्लाला नेऊन भरवतात आणि पिल्लू गुदमरतं.

सूर्यफूल : काळं बी घ्या, पट्ट्याच्या बियांपेक्षा त्यात तेल जास्त आणि साल पातळ.

चरबीचा गोळा : एक वाटी चरबी, दोन वाट्या कोरडे जिन्नस (ओट, दाण्याचा कूट, सूर्यफूल). चरबी खाटकाकडची, गोठल्यावर टणक होते ती. वितळवून कालवा, वाटीत दोरीसकट ओता, थंड झाल्यावर टांगा. घरात कुणी चरबी हाताळत नसेल तर गोळा सोडून द्या, पण त्याऐवजी खाण्याचं तेल किंवा लोणी वापरू नका. ते मऊ राहतं, चोचीवरून पिसांना फासलं जातं, आणि तेलकट पिसं ना पाणी अडवतात ना ऊब धरतात. गोळा प्लास्टिकच्या जाळीत मिळत असेल तर जाळी काढून टाका, पाय अडकतो.

पाणी : उथळ ताटली, सकाळी आणि दुपारी कोमट पाणी. गोठू नये म्हणून त्यात मीठ किंवा कसलंही द्रव्य घालायचं नाही.

दाण्याची नळी आठवड्याला गरम पाण्याने घासायची, पूर्ण वाळवून मगच भरायची. ओल्या नळीत भरलेला दाणा तळातून सडतो आणि वरून छान दिसत राहतो. लोक इथेच फसतात.

आणि हो, ॲव्होकॅडो नको. पोपटाला ते विषारी आहे.

शेवटचं, पण आधी करायचं : घरमालकाला विचारा. दाण्यावर उंदीर येतात, खालच्या गॅलरीत विष्ठा पडते आणि चिठ्ठी तुमच्या दारावर लागते.

हुरडा_पार्टी
फार उपयोगी. पण भाचा म्हणतो, पोपट आले की बाकीचे छोटे पक्षी पळतात. मग फक्त छोट्यांसाठी काही?

राईनकाठी
खरं आहे. लंडनच्या बागांत तपासलंय, दाण्याशेजारी पोपट असला की चिमण्यांएवढे टिट पक्षी कमी येतात आणि मान वर करून बघण्यातच वेळ घालवतात. उपाय म्हणजे पिंजऱ्यातली नळी : आत नळी, बाहेर साधारण चार सेंटीमीटर चौकोनाची तारेची जाळी. छोटे आत शिरतात, पोपट बाहेर राहतो. फक्त नळी आणि जाळी यांच्यात हातभर नसलं तरी वीतभर अंतर हवं, नाहीतर पोपट बाहेरून मान घालून खातो.

मला विचाराल तर पोपटासाठी मुद्दाम खाऊ घालणं मला पटत नाही. इथला पक्षी नाही तो. बेल्जियममध्ये नटहॅच नावाच्या छोट्या पक्ष्याच्या ढोल्या हे बळकावतात, तिथे त्याची संख्या घटलेली नोंदवलीये. स्पेनमध्ये सेव्हियाच्या एका बागेत तर राघूंनी मोठ्या वटवाघळांवर हल्ले करून त्यांची ढोल्यांतली वस्ती उठवली. टोकदार चोच, गट करून येतात, आणि ढोली हवी असली की ऐकत नाहीत.

डफरिन_चौक
आले कुठून एवढे? गाण्याच्या दुनियेतल्या त्या गिटारवाल्याने लंडनमध्ये जोडी सोडली म्हणतात ना?

कंठवाला
जिमी हेंड्रिक्सची गोष्ट. २०१९ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या लोकांनी गुन्हेगाराचा ठिकाणा शोधायला पोलीस वापरतात ती गणिती पद्धत पोपटांच्या नोंदींना लावली. हेंड्रिक्सच्या जोडीला आधार सापडला नाही. अनेक वर्षं, अनेक ठिकाणांहून थोडे थोडे सुटले आणि सोडले गेले, हेच निघालं. पोपटाच्या तापाची (पक्ष्यांपासून माणसाला होणारा आजार) साथ १९२९-३० मध्ये वर्तमानपत्रांत गाजली तेव्हा घाबरून लोकांनी पाळीव पक्षी उडवून दिले, हेही एक कारण. इंग्लंडमध्ये पहिली नोंद १८५५ ची, वीण करून टिकलेली वस्ती मात्र १९६९ पासून. ब्रुसेल्सचं उगमस्थान मात्र पक्कं माहीत आहे : १९७४ मध्ये मेली पार्क नावाच्या करमणूक उद्यानातून ४० च्या आसपास पोपट सोडले, शहराला जरा रंग यावा म्हणून. आज तिथे हजारोंच्या घरात आहेत.

आता रानातून धरलेल्या पक्ष्यांची नवीन भर थांबली आहे. आपल्याकडून देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ ला बंद झाला, युरोपने रानातून धरलेल्या पक्ष्यांची आयात २००५ मध्ये बर्ड फ्लूमुळे आणि २००७ पासून कायमची थांबवली. आता आहेत ते बहुतेक तिथेच जन्मलेले.

माळरान_नान्नज
यात शिकागो राहिलं. तिथे राघू नाही, क्वेकर आहे, म्हणजे मंक पॅराकीट, अर्जेंटिना-उरुग्वेकडचा. करडी छाती, बाकी हिरवा. शिकागोत ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे ३० च्या खाली गेला होता, आणि हाइड पार्क भागात हे पोपट १९७३ पासून आहेत. राघूला जे जमत नाही ते याला जमतं, कारण राघू ढोली शोधतो, क्वेकर घर बांधतो. पोपटांमध्ये काड्यांचं असं मोठं घरटं बांधणारा हा एकच.

घरटं म्हणजे चाळ. काटेरी काड्या एकमेकींत गुंतवून केलेला ढिगारा, प्रत्येक जोडीची खोली आणि दार वेगळं, दार बहुधा खालच्या बाजूला. वर्षभर त्यात झोपतात, विणीपुरतं नाही. दर वर्षी नव्या खोल्या जोडल्या जातात आणि ढिगारा मोटारीएवढा होऊ शकतो. तरीही डिसेंबर ते फेब्रुवारी शिकागोतले हे पक्षी जवळजवळ पूर्णपणे लोकांच्या दाण्यावर जगतात. घर असूनही दाणा नसेल तर उपयोग नाही, माझा मुद्दा तोच होता. त्या भागातच राहणारे महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन त्यांना शुभ मानायचे. १९८७ मध्ये ते गेल्यावर सरकारी खात्याने पक्षी हटवायचं ठरवलं, तर रहिवासी कोर्टात जायला निघाले. पक्षी राहिले.

वायरमन_जुळे_सोलापूर
ट्रान्सफॉर्मरवर बसवतात ना हे घरटी? त्याचं काय करतात?

माळरान_नान्नज
बरोबर. ट्रान्सफॉर्मर गरम असतो, उंच असतो, मांजर चढत नाही. काडी कोरडी असेपर्यंत ठीक, पावसाने भिजली की दोन फेजच्या तारांमध्ये विजेला वाट होते, ठिणगी पडते, आणि खाली काड्यांची अख्खी मोळी पेटायला तयार. नुसतं घरटं पाडून भागत नाही. त्याच खांबावर किंवा शेजारच्या खांबावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उभं राहतं, काड्या जमिनीवर पडलेल्याच असतात. म्हणून पाडल्या दिवशीच काड्या उचलून न्यायच्या, उघडी टोकं इन्सुलेशनने झाकायची, आणि काड्या अडकतील असे आडवे आधार काढून टाकायचे. वेळ विणीनंतरची, पण थंडी पडण्याच्या आधीची. भर हिवाळ्यात घर मोडलं तर पक्षी मरतात आणि मग लोक रस्त्यावर येतात.

राईनकाठी
घर मोडण्यावरून आठवलं. हायडेलबर्ग-वीसबाडेनकडे राघूंनी वेगळीच शक्कल काढलीये. इथल्या इमारतींना बाहेरून थर्मोकोलसारख्या फोमचे जाड पत्रे चिकटवतात आणि वर पातळ गिलावा. ठोकलं की पोकळ आवाज येतो. पोपट गिलावा फोडून फोम कोरतो, आत ढोली तयार, तीही गरम. वरच्या मजल्यावर, छपराच्या कडेखाली. काही ठिकाणी सुतार पक्ष्याने आधीच भोक पाडलेलं असतं, पोपट ते मोठं करतो.

बुजवताना लोक फोम भरून वर तोच पातळ गिलावा मारतात, पुढच्या वर्षी तिथेच भोक. कडक थर हवा : आधी आत पक्षी नाही याची खात्री (विणीनंतर, उन्हाळ्याच्या शेवटी), मग फोमचा तुकडा, त्यावर धातूची जाळी, वरून जाड कडक मॉर्टर, आणि पृष्ठभाग गुळगुळीत, म्हणजे नखाला पकड मिळत नाही. एक भोक बुजवलं की जोडी दोन मीटरवर नवीन सुरू करते, म्हणून जवळ लाकडी घरटं टांगतात. हे सगळ्यात स्वस्त पडतं.

गुरांचा_डॉक्टर
थंडीने गारठलेला किंवा काचेवर आपटलेला पक्षी सापडला तर : खोक्याला भोकं, तळाशी जुना टॉवेल, अंधार, शांतता. एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे त्याला नको झालं तर सरकता येईल. आत २८-३० अंश पुरे. हीटरसमोर ठेवू नका. चोचीत पाणी, दूध, ब्रँडीचे थेंब काहीही घालू नका, सरळ फुफ्फुसात जातं. बोटं काळी पडली असतील तर चोळायचं नाही. तासाभरात सावध झाला नाही तर डॉक्टर.

विष्ठा साफ करताना आधी ओली करा, मास्क लावा. कोरडी खरवडली की धूळ नाकात जाते, पोपटाचा ताप त्यातूनच येतो.

सोलापुरात गारठ्यापेक्षा संक्रांतीचा नायलॉन मांजा जास्त पक्षी पाडतो. मांजा ओढून काढू नका, तो पंखाच्या मांसात रुतलेला असतो. दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून कापा, खोक्यात ठेवा, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

डफरिन_चौक
क्वेकर तर आपल्या पक्षीबाजारातही मिळतो. सुटला तर सोलापुरात शिकागो होणार का?

कंठवाला
आपल्या एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत त्याचं काय होईल ते सांगता येत नाही, पण प्रयोग करून बघण्यासारखी ही गोष्ट नाही. स्पेन, इस्रायलमध्ये तो रुजला आहेच. पाळत असाल तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तो साइटिसच्या (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये येतो. राघू, करण (मोठा पहाडी पोपट), तुईया (लालसर-जांभळ्या डोक्याचा) हे आपले तिन्ही मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली, नोंदणी करूनही घरात ठेवता येत नाहीत. आणि दयेपोटी पिंजरा उघडूनही देऊ नका. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याचे पंखांचे स्नायू बसलेले असतात, पहिल्याच झाडावर कावळे धरतात.

मोहोळ_ज्वारी
आमच्या राघूंची कुणी मोजदाद करतं का? वाढलेत की कमी झालेत, यावर पारावर रोज भांडण आहे.

माळरान_नान्नज
करता येते. रातथारा शोधा, म्हणजे ते रात्री एकत्र बसतात ती झाडं. सूर्यास्ताआधी ४५ मिनिटं जाऊन दोन माणसांनी येण्याच्या दोन वाटा वाटून घ्यायच्या, हातात बोटाने दाबायचा मोजणीयंत्राचा खटका. थवा आला की दहा-दहाच्या गठ्ठ्यात मोजा. झाडावर बसल्यावर मोजू नका, पानांत दिसत नाहीत. बसलेला थवा मध्येच उठून घिरटी घालून परत बसतो, ते पुन्हा मोजले जातात, म्हणून फक्त लांबून येणारे धरा. तीन संध्याकाळ लागोपाठ, त्यातला मधला आकडा.

एक मेख आहे. जानेवारीपासून माद्या ढोलीत अंड्यांवर बसतात, रातथाऱ्यावर येतच नाहीत. फेब्रुवारीत मोजून डिसेंबरशी ताडलं तर पोपट निम्मे झाल्यासारखं वाटतं. तेव्हा दर वर्षी एकाच महिन्यात मोजा. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा धरा.

मोहोळ_ज्वारी
नोव्हेंबरात ज्वारी पोटरीतही नसते, मोकळा आहे मी. आमच्याकडे वडाच्या झाडांवर बसतात. खटका कुठे मिळेल?

माळरान_नान्नज
खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा. नाही मिळाला तर खिशात ज्वारीचे दाणे घ्या, दहाला एक दाणा दुसऱ्या खिशात.

हुरडा_पार्टी
भाच्याने दुसरा फोटो पाठवला, जवळून. खालची चोच लालच आहे, टोकाला जरा काळी. आणि डाव्या पायाचं एक बोट अर्धंच आहे.